सिक्वेन्सवर लावलेला नवरा

मी एकदा पत्त्यांच्या डावात नवरा पणाला लावला आणि हरले. बायको लावणारे नवरे पुराणात सापडतात. नवरा लावणारी बायको निदान सोलापुरात तरी मी एकटीच असेन. आणि लावला कशाच्या जोरावर, तर सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम अशा पाच पत्त्यांच्या सिक्वेन्सवर. तेव्हा मी तरुण होते. चौसष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटतं.

ते आता नाहीत. पण पत्त्यांपायी गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायचे.

गोष्ट डायलिसिसच्या दिवसांतली. त्यांच्या दोन्ही किडन्यांनी ठरवून केल्यासारखा एकदमच संप केला आणि आमच्या घरातले सोमवार-गुरुवार दवाखान्याच्या नावावर गेले. सकाळी लवकर रिक्षा. मग वजन. मग डाव्या हातात दोन जाड सुया. मशीन फिरायला लागली की चार तास तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. बाहेर सोलापूर तव्यासारखं तापलेलं आणि आत एसी असा, की मी भर उन्हाळ्यात चादर पांघरून बसायची. चार तास पुरेल एवढं बोलणं आमच्याकडं उरलेलं नव्हतं. दुखतंय का? नाही. पाणी हवंय का? हवंय, पण मिळणार नाही; डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मापून दिलेलं. झालं, संपलं. घरी आल्यावर मी चप्पल न काढता खुर्चीत बसून राहायची. दिवसभरात काडी उचललेली नसायची, तरी अंग असं आंबलेलं, की जसं काही मीच पोती वाहून आले.

पलीकडच्या खाटेवर शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला एक टॉवेलांचा व्यापारी असायचा. पंचेचाळिशीचा. घरी फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी. त्याचाही एक हात मोकळा, आणि त्या हातानं तो मोबाईलवर पोकर खेळायचा. तेव्हा मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळता यायचे. आता सरकारनं बंद केलंय. त्याचं टेबल आपलं रुपया-दोन रुपयांचं. चहाचे पैसे हरायचे आणि चहाचे पैसे जिंकायचे.

एकदा यांनी मान वळवून विचारलं, "काय हाय ओ ते?"

त्यानं समजावलं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मध्ये टेबलावर पाच पत्ते उघडे, तेही सगळे एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग एक. आपले दोन आणि मधले पाच, यांतून जमेल तो चांगला पाचांचा हात करायचा. दर वेळी पत्ता उघडला की पैसे लावायचे, वाढवायचे, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

"आणि काका, यात खोटं बोलायला पूर्ण परवानगी."

हे ऐकून आमच्या घरातल्या माणसाच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जीव आला. ते मूळचे केम गावचे, पण जन्म गेला सोलापूरच्या मार्केट यार्डात, कांद्याच्या आडतीवर. ढिगाशेजारी उभं राहून लिलावाची बोली पुकारायची, हे त्यांचं काम. खोटं बोलणारी माणसं ओळखण्यावरच त्यांचं घर चाललं होतं. म्हणजे माझंही.

मग त्यांच्या मोबाईलवर तो खेळ आला आणि पाठोपाठ माझ्याही. "यांच्यावर लक्ष ठेवायला घेतलाय," असं मी पुण्याच्या लेकीला सांगितलं. खरं म्हणजे मला हाव सुटली होती. माझं माहेर दुधनीचं, कर्नाटकाच्या सीमेवरचं. दिवाळीत आमच्याकडं चिंचोक्यांवर तीन पत्ती चालायची. आत्या पत्ते पिसता पिसता अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बजावायची: सगळ्यात वर ट्रेल, मग सिक्वेन्स, मग एका रंगाचा कलर, मग जोड. मी सगळ्यांचे चिंचोके जिंकून परकराच्या ओच्यात भरून न्यायची. पुढं मी शाळेत बाई झाले, पोरांना गणित शिकवलं, आणि पत्त्यांतलं मला आता कुणी काही शिकवू नये, असं माझं ठाम मत झालं.

माझा पहिलाच डाव. टेबलावर माझ्यापुढं 'स्मॉल ब्लाइंड' असं उमटलं. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, हे मला आत्याच्या कृपेनं पाठ. पण या मोबाईलनं माझे पत्ते माझ्यासमोर उघडेच टाकलेले! आता काय करायचं? मी आपली इमानदार बाई. पटकन डोळे फिरवले आणि पडद्यावर तळहात ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

पलीकडून व्यापारी म्हणाला, "काकू, मोबाईलला ताप आलाय काय?"

मी ब्लाइंडचं सांगितलं. तो इतका हसला की त्याची मशीन पीं-पीं करायला लागली आणि सिस्टर धावत आली. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे फक्त पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे. पत्ते खुशाल बघा. हे कळल्यावर तरी माणसानं सावध व्हावं की नाही? आपलं तीन पत्तीचं ज्ञान इथं चालत नाही, अशी शंका तरी यावी? मला आली नाही. मला वाटलं, एवढा एक शब्दच काय तो वेगळा असेल.

थाप मारायला मला फार आवडायचं. इंग्रजीत त्याला ब्लफ म्हणतात. आमच्या घरात थापच म्हणायचे. हातात काही नसलं की मी चेहरा असा करायची, की मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प व्हावीत. भुवया वर, ओठ आवळलेले. आणि मग पैसे वाढवायची. समोरचा पत्ते टाकायचाच नाही. कितीतरी दिवस हे असंच चाललं. शेवटी यांना राहवलं नाही.

"मास्तरीणबाई, डोळं कुणावर वटारतीस? त्यो काय तुज्या वर्गात बसलाय? त्यो असंल तिकडं कुटंतरी खाटंवर पडलेला."

खरंच की. समोरच्याला मी दिसतच नव्हते. चौसष्ट वर्षं मिरवलेला चेहरा एका क्षणात निकामी झाला.

"मग थाप मारायची कशी?"

"पैशानं मारायची. आन पहिल्यापासनं मारायची. समदं उघडल्यावर शेवटाला एकदम बोंब मारलीस तर कोण इश्वास ठेवंल? आमच्याकडं बी तसंच. ज्याला भाव चढवायचाय त्यो पहिल्या बोलीपासनं असा बोलतो की ह्यो ढीग आपल्याच गाडीत पडणार."

असे त्यांचे धडे. मी आयुष्यभर फळ्यासमोर उभी राहिलेली, आता स्टुलावर बसून ऐकायची. एकदम फार मोठी रक्कम लावू नये, समोरचा विचारात पडतो, का बरं एवढी? शेवटी बोलायची पाळी आली तर ती सोडू नये. आधीच्यांनी काय केलं ते दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला घ्यायचंच आहे त्याला थाप मारू नये. रुपयाच्या टेबलावर तर सगळे घ्यायलाच बसलेले. गेला रुपया तर गेला, पण तिच्याकडं काय होतं ते बघू! असल्या लोकांपुढं थाप म्हणजे बहिऱ्यापुढं बोली. तिथं गुपचूप बसायचं, चांगले पत्ते आले की लावायचे, लोक आपण होऊन पैसे देतात.

"मग यात मजा काय?" मी म्हटलं.

"मजा न्हाय. धंदा हाय."

पण मजेचा मोह त्यांनाही होताच. एकदा हातात चौकी आणि सत्ती, म्हणजे कचरा. तरी पहिल्यापासून असे शांतपणे वाढवत गेले, की जणू हातात राजाची जोडी आहे. टेबलावर राजा उघडला तेव्हा थोडे थांबले, मग बेतशीर रक्कम लावली. समोरच्यानं पत्ते टाकले. यांनी मला ती चौकी-सत्ती दाखवली आणि खदखदून हसले, डावा हात हलला, मशीन ओरडली.

"काका! हात!" सिस्टर म्हणाली.

"हात न्हाय ओ, थाप लागली," हे म्हणाले.

त्या महिन्यांत दमणूक कमी झाली असं मी म्हणणार नाही. पण सोमवार-गुरुवारी सकाळी ते स्वतःहून उठून मोबाईल चार्जिंगवरून काढायचे. तेवढं एक ओझं माझ्या अंगावरून उतरलं होतं.

मग एका सोमवारी पलीकडच्या खाटेवर दुसराच माणूस होता. म्हातारा, डोळे मिटलेला.

"टॉवेलवाले कुठं गेले?" मी सिस्टरला विचारलं.

"ते हैदराबादला गेले, काकू. नातेवाईकांकडं. तिकडंच करणारेत आता." असं म्हणत ती मशीनचे आकडे बघत राहिली. आकडे तिनं आत्ताच बघितलेले होते.

यांनी मोबाईल उघडला, थोडा वेळ हातात धरला आणि उशीखाली सारला. चार तास छताकडं बघत होते. रिक्षात म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पर तिला थाप मारता येत न्हाय."

त्यानंतर खेळ बंद. जेवणही अर्धं. गुरुवारी गेले, सोमवारी गेले, पण ओढून नेल्यासारखे. आणि पुढच्या गुरुवारी, मी रिक्षावाल्याला फोन करायला मोबाईल घेतला, तर हे बनियनवर खाटेत बसलेले.

"सदरा घाला."

"न्हाय जायचं."

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटायचा प्रश्न न्हाय. आज न्हाय, आन पुढं बी न्हाय. बास झालं."

न गेलं तर काय होतं, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलेलं होतं. अंगात पाणी साठतं, श्वास लागतो, मग फार दिवस लागत नाहीत. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणूनच ते इतक्या शांतपणे बोलत होते.

मी करायचं ते सगळं केलं. रागावले. पायाशी बसले. पुण्याला फोन लावून दिला, लेक रडली, तर हे तिला म्हणाले, "रडू नको, तुजी आई हाय की." डॉक्टरांचा धाक घातला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आडतीवर वर्षानुवर्षं लोकांचं ऐकून घेतलेला माणूस.

"किती दिवस जायचं, सांग की तूच. तू बी दमलीस. मला काय दिसत न्हाय का? दवाखान्यातनं आलीस की चप्पल बी काढत न्हाईस."

त्यांनी ते म्हटलं, तेव्हा क्षणभर, फक्त क्षणभर, मला सोमवारची सकाळ रिकामी दिसली. रिक्षा नाही, स्टूल नाही, एसी नाही. तो एक क्षण फार गार होता. मग मला माझीच भीती वाटली, आणि भीतीनं माणूस काहीही बोलतो.

"डाव लावा," मी म्हणाले.

"काय?"

"दोघांचं टेबल मांडू. पैसे नकोत, फुकटचे पॉइंट. सारखे वाटून घ्यायचे. ज्याचे सगळे जातील तो हरला. मी जिंकले तर पुन्हा न जायचं तोंडातून काढायचं नाही. तुम्ही जिंकलात तर मी एका शब्दानं म्हणणार नाही, चला म्हणून."

ते म्हणाले, "बोली सुटली की सुटली. मागं फिरायचं न्हाय."

"नाही फिरणार."

सांगते ना, तरुण होते. शहाण्या बाईनं शेजारच्या दोघांना बोलावून माणूस उचलून रिक्षात घातला असता.

खाटेच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आपापले मोबाईल छातीशी धरून. बराच वेळ काहीच घडलं नाही. त्यांचेच धडे मी त्यांच्यावर चालवत होते: वाईट पत्ते टाकायचे, थाप मारायची नाही, वाट बघायची. तेही लक्ष नसल्यासारखे खेळत होते. रिक्षा सांगायची वेळ निघून चालली होती. मला सारखं घड्याळाकडं बघायचं होतं आणि मी बघत नव्हते.

मग मला अठ्ठी आणि नव्वी आली. टेबलावर बदामाची सत्ती, बदामाची दश्शी आणि किलवरची दुर्री. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी! एकच पत्ता हवा होता. मी थोडे लावले, त्यांनी तेवढेच भरले. चौथा पत्ता इस्पिकचा गुलाम. झाला सिक्वेन्स. मी अजून लावले, बेतशीर. त्यांनी पुन्हा भरले. शेवटचा पत्ता आला बदामाची तिर्री.

आता टेबलावर तीन बदाम होते. दिसत होते मला. मी काय आंधळी होते? मनात म्हटलं, असू दे, फार तर यांचा कलर असेल. कलर सिक्वेन्सच्या खालीच की.

त्यांनी पैसे न लावता पाळी माझ्याकडं सोडली. मी डोळ्यांना पदर लावला. खोटं नव्हतं ते सगळं, पण थोडं वाढवून केलं. हिचं काही जमलं नाही, असं त्यांना वाटावं म्हणून. आणि होते नव्हते ते सगळे पॉइंट मध्ये सारले.

त्यांनी मोबाईल खाली ठेवला. "समदं?"

"सगळं."

"टेबलावर काय उघडलंय, बघितलंस का नीट?"

"बघितलंय. तुम्ही बघा."

"बदाम बघितलंस?"

"बदाम काय, पिस्तेसुद्धा बघितले. भरताय की टाकताय?"

ते माझ्या चेहऱ्याकडं फार वेळ बघत होते. बाजारात ढिगाकडं न बघता घेणाऱ्याकडं बघायचे, तसे. मग त्यांनी अंगठा टेकवला.

त्यांचा बदामाचा एक्का आणि बदामाची चौकी उघडली. टेबलावरचे तीन मिळून पाच बदाम. कलर. आणि सगळा ढीग सरकत सरकत त्यांच्या बाजूला गेला.

"हे काय?" मी ओरडले. "उलटं गेलं! माझा सिक्वेन्स आहे!"

"तुजा सिक्वेन्स. माजा कलर."

"सिक्वेन्स मोठा!"

"तीन पत्तीत. ह्यात कलर मोठा."

"मोबाईल बिघडलाय." मी तो बंद केला. चालू केला. पडद्यावर बोट मारून मारून तो ढीग परत आणायला बघितलं. त्यांच्या खांद्याला धरून सांगितलं, की दुधनीत कुणालाही विचारा, माझ्या आत्यानं कधी खोटा नियम सांगितला नाही. एवढे दिवस खेळून मला हे कळलं नव्हतं. कळणार कसं? कलरपुढं सिक्वेन्स घेऊन शेवटपर्यंत बसायची वेळच माझ्यावर आली नव्हती. मी बहुतेक थापांतच हरत आले होते.

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग खोकला. टॉवेलवाला गेल्यापासून ते हसले नव्हते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मला मात्र तेव्हा उमगलं, की मी काय हरले आहे.

बोली सुटली होती. मी म्हटलं होतं, एक शब्द बोलणार नाही. नाही बोलले. उठले, स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले. त्यांच्यासाठी काढलेला मापाचा पाण्याचा पेला तिथं झाकून ठेवलेला होता. आता तो मापाचा असायचं काही कारण उरलं नाही, असं माझ्या मनात आलं. मी तिथंच फरशीवर बसले. रडले नाही. त्यालाही अंगात थोडी ताकद लागते.

बाहेर खाट करकरली. मग त्यांची सावकाश, भिंतीला धरत येणारी पावलं. ते दारात उभे राहिले. सदऱ्याची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती; डावा हात बाहीत घालायला त्यांना माझी मदत लागायची. माझ्याकडं बघून म्हणाले:

"ऊठ, बाही चढव. तुला अशी सोडून गेलो तर तू एकटीच खेळायला बसशील आन घर बी हारशील. रिक्षावाल्याला सांग, जरा उशीर झालाय म्हणावं."